पाणी कुठं मुरतंय

जुन्या बोगद्यातून उतरणाऱ्या गाड्या
कात्रजला पोचेपर्यंत बोलायला लागतात.
काही नुसत्या धापा टाकतात,
काहींच्या बॉनेटमधून टपरीवरच्या किटलीसारखी वाफ.
मोघ्यांची वॅगन आर गुपचूप आली,
काटा लाल रेघेला टेकलेला,
एप्रिलची दुपार, काचा खाली, आणि हीटर चालू.
"इंजिनची धग आत ओढून घेतो हा," ते म्हणाले
घामानं निथळत.
खोटं नव्हतं. मी मान डोलावली.

मग त्यांनी वही काढली.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस,
रकाने पट्टीनं आखलेले:
खेड शिवापूर, एक लिटर.
कापूरहोळ, सव्वा.
शिरवळ, पाऊण, हवा ढगाळ.
तीन महिन्यांचं पाणी, तारीखवार.
थर्मोस्टॅट नवा, नाना पेठेतला, पावती टाचलेली.
रेडिएटरचं झाकण नवं. पट्टा नवा.
"फक्त पाणी जातं कुठं, तेवढं सांगा."

तेवढंच तर कुठलीच गाडी सांगत नाही.

समाधान झाकणाला हात घालायला निघाला.
मी त्याला माझं मनगट दाखवलं.
भवानी पेठेत होतो, सतरा वर्षांचा,
उस्तादांची हाक ऐकू येईतो फडकं फिरलं होतं.
तिथं अजून केस उगवत नाहीत.
थांब म्हटलं. लोखंड आपल्या वेळेनं निवतं.
चार चहा सांग.

तासाभरानं पाहायला घेतलं.
वरचा होज सुका, खालचा सुका.
पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक,
बोट फिरवलं, बोट कोरडं.
पंखा वेळेवर लागतो, वेळेवर थांबतो.
ऑइलची कांडी काढली, दुधाळ नाही.
सायलेन्सरला पांढरा धूर नाही, म्हणजे हेड शाबूत
(मोघ्यांनी इथं डोळे मिटले, खर्च मनात वजा केला असावा).
खाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता मघाशीच.
त्यावर ऑइलचा एक जुना डाग, बाकी काही नाही.
हातपंपानं दाब भरला,
आणि काटा उतरू लागला,
सावकाश, पेन्शनीत निघालेला माणूस जिना उतरतो तसा.

मुरतंय. पण कुठं?

बाई अजून पुढच्याच सीटवर होत्या,
पाण्याच्या सहा बाटल्यांच्या खोक्यावर
अनवाणी पाय ठेवून.
मी सहज विचारलं, चपला?
"भिजतात."
मोघे म्हणाले, "हिची बाटली गळते."
"बाटली गळत नाही. संक्रांतीपासून सांगतेय.
आणि काचेला आतून ओशट धरतं, तेही सांगितलं.
मीच पुसते, पदरानं."

मी मॅट उचलली.
खालचा गालिचा चिंब, हिरवट.
पिळला तर वाटीभर निघालं. हुंगलं:
गोडसर, आजारी माणसाच्या खोलीसारखं.
डॅशबोर्डच्या पोटात हीटरचं छोटं रेडिएटर असतं.
मोघे तीन महिने तोच चालू ठेवून होते
इंजिन वाचावं म्हणून.

दोन नळ्या परस्पर जोडून दिल्या, हीटर वगळून.
फूटभर होज, दोन क्लिपा, कुलंट, सातशे चाळीस रुपये.
"हिवाळ्यात गार वाटेल," मी म्हटलं.
"वाटू दे," बाई म्हणाल्या.

गाडी अर्धा तास उभ्या-उभ्या चालवली.
काटा मधोमध, हलायला तयार नाही.
मोघे वही उघडून बसले होते,
टोपण काढलेलं पेन हातात,
आखलेल्या सात रकान्यांतला
कुठला भरायचा ते सापडेना.
बाईंनी चपला बॉनेटवर पालथ्या घातल्या.
"चौदा जानेवारी लिहा," त्या म्हणाल्या,
"शिरवळच्या आधी. टोलनाक्यावर."

त्यांनी लिहिलं की नाही, मी पाहिलं नाही.
समाधाननं चपलांखाली फडकं घातलं.
पत्रा अजून तापलेला होता.